चित्रमालिकेतील स्थाननिर्देशक

एकाच चौकटीत एकामागून एक दाखविल्या जाणाऱ्या चित्रांच्या मालिकेत समोर असलेले चित्र कितवे आहे, एकूण चित्रे किती आहेत व त्यांपैकी किती पाहावयाची उरली आहेत, हे दर्शविणारी खूण वा खुणांची ओळ. संगणकाच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चित्राखाली दिसणारी लहान ठिपक्यांची रांग हे तिचे सर्वपरिचित रूप होय. या रांगेत जितकी चित्रे तितके ठिपके असतात आणि चालू चित्राचा ठिपका रंगाने, आकाराने वा तेजाने इतरांहून वेगळा दाखविलेला असतो. ठिपक्यांऐवजी ‘३/१२’ यासारखा अंक, आडव्या रेघा, भरत जाणारी पट्टी किंवा चित्रांच्या लघुप्रतिमा यांचाही उपयोग करतात. अशा मालिकेस ‘कॅरोसेल’ म्हणतात. जत्रेतील लाकडी घोड्यांच्या गोल फिरणाऱ्या चक्राचे हे नाव १९६१ मध्ये एका चित्रप्रक्षेपकास देण्यात आले आणि पुढे संकेतपृष्ठांवरील चित्रमालिकांसाठीही ते रूढ झाले.

संकेतपृष्ठांवरील ठिपक्यांचा इतिहास अवघ्या दोन दशकांचा असला, तरी त्यांमागील गरज फार जुनी आहे. भिंतीवर ओळीने मांडलेली चित्रे प्रेक्षकास एका दृष्टिक्षेपात मोजता येतात. तीच चित्रे एका चौकटीत आणून एका वेळी एकच दाखविली, म्हणजे जागेची बचत होते. परंतु समग्रतेची जाणीव नाहीशी होते. आपण कोठे आहोत, किती झाले व किती उरले, या तीन प्रश्नांची उत्तरे मग वेगळ्या खुणेने द्यावी लागतात. ग्रंथ, स्लाइड, छायाचित्रणाची फिल्म व चित्रपट या सर्व माध्यमांत हा प्रश्न उद्भवला आणि प्रत्येकात तो निराळ्या रीतीने सोडविण्यात आला. या इतिहासात एक सूत्र स्पष्टपणे दिसते. आरंभीच्या बहुतेक खुणा बांधणी करणारा, यंत्र चालविणारा वा निरूपण करणारा यांच्या सोयीसाठी होत्या. त्या क्रमाक्रमाने वाचकाच्या व प्रेक्षकाच्या हाती आल्या.

ग्रंथांतील पूर्वरूपे : प्राचीन ग्रीक व रोमन ग्रंथ पपायरसाच्या गुंडाळ्यांवर लिहिले जात. गुंडाळीस पाने नसल्यामुळे पृष्ठांकाचा प्रश्न उद्भवत नसे. हातातील उरलेल्या गुंडाळीची जाडी हाच वाचकाचा स्थाननिर्देशक होता. काही ग्रीक गुंडाळ्यांच्या समासात मात्र दर शंभर ओळींस एक अक्षर लिहून ओळींची गणना केलेली आढळते. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत पाने एकत्र शिवलेला ग्रंथ प्रचारात आला आणि पपायरसाच्या काही ग्रीक व कॉप्टिक ग्रंथांत पृष्ठांक घालण्यात आले. तथापि मध्ययुगीन यूरोपात सर्व ग्रंथांत अंक घालण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ नव्हती. त्याऐवजी कागदाच्या वा चर्मपत्राच्या प्रत्येक जुडीच्या शेवटी पुढील जुडीचा पहिला शब्द लिहीत किंवा जुड्यांना अक्षरांच्या खुणा करीत. या खुणा बांधणी करणाऱ्यासाठी होत्या. जुड्या योग्य क्रमाने लागल्या, की त्यांचे कार्य संपे.

मुद्रणाच्या प्रसारानंतर हे चित्र पालटले. आर्नोल्ड टेर होर्नेन या मुद्रकाने १४७० मध्ये कोलोन येथे छापलेले वेर्नर रोलेव्हिंक याचे प्रवचन हे छापील पत्रांकाचे आद्य उदाहरण मानले जाते. त्यात प्रत्येक पत्राच्या दर्शनी बाजूस उजव्या समासात अंक छापलेला आहे. व्हेनिस येथील आल्दुस मानुत्सिउस याने १४९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निक्कोलो पेरोत्ती याच्या ‘कोर्नुकोपिए’ या ग्रंथात पृष्ठांना व ओळींनाही अंक देण्यात आले आणि सूचीतील नोंदी त्या अंकांशी जोडण्यात आल्या. एकाच आवृत्तीच्या सर्व प्रतींत तेच पान त्याच क्रमांकाचे असल्यामुळे दूर राहणाऱ्या दोन वाचकांना एकाच स्थळाचा निर्देश करणे शक्य झाले. अशा रीतीने अंक हा बांधणीची खूण न राहता वाचकाचे साधन बनला.

भारतीय पोथी : भारतातील परंपरेत या प्रश्नाला अधिक निकडीचे स्वरूप होते, कारण पोथीची पाने शिवलेली नसत. ताडपत्रे भोकांतून ओवलेल्या दोरीने व लाकडी फळ्यांनी एकत्र ठेवीत, तर कागदी पोथीची सुटी आडवी पाने केवळ फळ्यांत ठेवून वस्त्रात बांधीत. गाठ सुटून पाने विस्कटली, तर ती पुन्हा लावण्यास पत्रांकाखेरीज खात्रीचा आधार नसे. म्हणून पत्रांक लिहिण्याची प्रथा येथे सार्वत्रिक झाली. अंक पानाच्या दोन्ही पृष्ठांवर न घालता एकाच पृष्ठावर घालीत. उत्तरेत तो बहुधा मागील पृष्ठावर, तर दक्षिणेत दर्शनी पृष्ठावर असे. जैन ताडपत्रांत एका समासात अंक व दुसऱ्या समासात संख्यावाचक अक्षरे लिहिण्याचीही चाल होती. त्यामुळे एक समास झिजला वा कसरीने खाल्ला, तरी दुसऱ्यावरून क्रम लावता येई.

देवनागरी कागदी पोथ्यांत डाव्या समासात वरच्या बाजूस ग्रंथनामाचे संक्षिप्त रूप व त्याखाली पत्रांक आणि उजव्या समासात खाली ‘राम’ यासारखा शब्द व पुन्हा तोच अंक, अशी मांडणी नेहमी आढळते. ग्रंथाचे नाव व स्थान ही दोन्ही प्रत्येक पानावर असल्यामुळे दोन पोथ्यांची पाने एकमेकांत मिसळली तरी वेगळी करता येत. महाराष्ट्रात शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्यांनीही सुट्या आडव्या पानांची व पत्रांकांची ही पद्धत पुढे चालविली. याखेरीज ओवीबद्ध ग्रंथांत अध्याय व ओवी यांचे क्रमांक देण्याची प्रथा होती. पत्रांक प्रतीगणिक बदलतो, ओवीचा क्रमांक पाठभेदांचा अपवाद सोडल्यास स्थिर राहतो. एक खूण वस्तूतील स्थान सांगते, तर दुसरी आशयातील स्थान सांगते. हा भेद आजच्या पडद्यावरील मालिकांतही महत्त्वाचा ठरला आहे.

चक्राकार मालिकेचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिला आदी व अंत नसल्यामुळे कोठून मोजावयाचे, हेच आधी ठरवावे लागते. जपमाळेतील १०८ मण्यांहून वेगळा असा मेरुमणी हे कार्य करतो. जप करणारा मेरुमणी ओलांडत नाही, तर तेथून माळ उलट फिरवितो. डोळे मिटलेले असतानाही केवळ स्पर्शाने एक आवर्तन पूर्ण झाल्याचे समजते, हे या खुणेचे वैशिष्ट्य होय.

निरूपणकार व स्लाइड : चित्रांची मालिका श्रोत्यांसमोर एकेक करून मांडण्याची परंपरा महाराष्ट्रात चित्रकथी लोकांनी जतन केली आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर कलावंत पाठपोट चिकटविलेल्या चित्रांची पोथी समोर ठेवून एकेक चित्र उचलून दाखवितात व गायनवादनाच्या साथीने त्यावरील कथाभाग सांगतात. येथे प्रेक्षकासाठी स्थाननिर्देशक नाही. कथा कोठवर आली आणि किती उरली, हे निरूपणातूनच समजते आणि उरलेल्या चित्रांची चळत हीच काय ती दृश्य खूण असते.

क्रिस्तीआन हायगेन्झ याने १६५९ च्या सुमारास तयार केलेल्या जादूच्या दिव्याच्या साहाय्याने काचेवरील चित्र पडद्यावर मोठे करून दाखविणे शक्य झाले. आरंभी एकाच लांबट काचपट्टीवर अनेक चित्रे रंगवून ती पट्टी दिव्यातून सरकविण्यात येई. पट्टीचा किती भाग बाहेर आला, यावरून चालकास स्थान कळे. प्रेक्षकांस ते कळत नसे. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रांच्या सुट्या काचा आल्या व त्यांबरोबर क्रमांकांच्या चिठ्ठ्या आणि त्या क्रमांकांनुसार छापलेली निरूपणाची पुस्तकेही विक्रीस आली. काच दिव्यात उलटी घालावी लागत असल्यामुळे चुका होत. त्या टाळण्यासाठी ब्रिटिश पद्धतीत चित्राच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत पांढरे ठिपके चिकटवीत, तर अमेरिकेत डाव्या बाजूस खाली अंगठ्यासाठी एक खूण करीत. हे ठिपके अंधारात चालकाच्या बोटांना व डोळ्यांना उपयोगी पडत. मात्र ते स्थान दाखवीत नसून दिशा दाखवीत. महाराष्ट्रात कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे पुत्र यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने अशा चित्रांचे खेळ सुरू केले. रंगविलेल्या काचा, त्या झपाट्याने बदलण्याचे कौशल्य व सोबतचे निवेदन यांच्या मेळातून त्यांत कथानक उभे राही. काचांचा क्रम चुकला, तर निवेदन व चित्र यांची फारकत होई. त्यामुळे क्रमाची खूण हा या व्यवसायाचा कणा होता, यद्यपि प्रेक्षकास तिची वार्ताही नसे.

छायाचित्रण व चित्रपट : जॉर्ज ईस्टमन याने १८८८ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर छायाचित्रांपुरती फिल्म भरलेली असे, परंतु किती चित्रे घेतली हे दर्शविणारी सोय त्यात नव्हती. घेतलेल्या प्रत्येक चित्राची नोंद कॅमेऱ्याच्या मालकाने वहीत ठेवणे अपेक्षित होते. नोंद चुकली, की फिल्म शिल्लक आहे असे समजून कळ दाबली जाई आणि तो प्रसंग कायमचा हातचा जाई. बॉस्टन येथील सॅम्युएल टर्नर याने १८९२ मध्ये ‘बुल्स-आय’ या कॅमेऱ्यात यावर उपाय योजला. फिल्मच्या पाठीमागील कागदावर क्रमांक छापून ते कॅमेऱ्याच्या मागील बाजूस असलेल्या लहान लाल काचेच्या खिडकीतून दिसतील, अशी व्यवस्था त्याने केली. ईस्टमनच्या कंपनीने १८९५ मध्ये टर्नरचा व्यवसाय विकत घेतला आणि लाल खिडकीची ही पद्धत पुढे अनेक दशके जगभर वापरात राहिली. सामान्य माणसाच्या हातातील चित्रयंत्रात त्याच्यासाठीच बसविलेला हा एक आरंभीचा स्थाननिर्देशक होय.

चित्रपटगृहात याउलट घडले. ३५ मिमी. फिल्मचे प्रत्येक रीळ सुमारे वीस मिनिटांत संपे व दोन प्रक्षेपक आळीपाळीने चालवावे लागत. रीळ संपण्यापूर्वी सुमारे आठ सेकंद पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका उमटे. तो पाहून चालक दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करी व अखेरच्या सेकंदास उमटणाऱ्या दुसऱ्या ठिपक्याबरोबर प्रक्षेपण बदली. ठिपका सर्वांच्या डोळ्यांसमोर असे, परंतु तो एकट्या चालकासाठी असे. चित्रपट किती उरला, हे प्रेक्षकास कळू नये अशीच त्या माध्यमाची अपेक्षा होती.

कॅरोसेल प्रक्षेपक : ईस्टमन कोडॅक कंपनीने १९६१ मध्ये ‘कॅरोसेल’ हा चित्रप्रक्षेपक प्रसिद्ध केला. त्यापूर्वीच्या बऱ्याच प्रक्षेपकांत लांबट सरळ तबक असे. कॅरोसेलमध्ये यंत्राच्या माथ्यावर गोल तबक बसवून त्यात ८० स्लाइडी उभ्या ठेवण्यात येत. तबक एका घराने फिरे व स्लाइड स्वतःच्या वजनाने प्रकाशमार्गात उतरे. दाखवून झाल्यावर ती पुन्हा वर उचलली जाई. तबकाच्या कडेवर १ ते ८० अंक कोरलेले असत आणि शून्याच्या जागी तबक चढविता वा काढता येई. गोल मालिकेला शून्याने आरंभबिंदू दिला होता, जसा माळेला मेरुमणी देतो. पुढे १४० स्लाइडींचे तबकही उपलब्ध झाले. काही विशेष प्रक्षेपकांत हव्या त्या क्रमांकाची स्लाइड थेट निवडण्याची सोयही करण्यात आली. या सोयीत आजच्या ठिपक्याचे दुहेरी कार्य, म्हणजे स्थान दाखविणे व त्या स्थानी नेणे, प्रथमच एकत्र आलेले दिसते. तथापि अंक यंत्रावरच असत. पडद्याकडे पाहणाऱ्या श्रोत्यास व्याख्यान कोठवर आले हे कळत नसे. या प्रक्षेपकाचे उत्पादन २००४ मध्ये थांबविण्यात आले.

संगणकाचा पडदा : संगणकाच्या पडद्यावर मोठा मजकूर लहान चौकटीतून दाखविताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७० नंतरच्या दशकात चौकटीच्या कडेस सरकती पट्टी योजण्यात आली. ॲपल कंपनीच्या लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांद्वारे ती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. मॅकिंटॉशमधील पट्टीवरचा सरकता चौकोन आरंभी ठराविक आकाराचा होता. तो स्थान दाखवी, परंतु एकूण मजकुराचा किती भाग समोर आहे हे सांगत नसे. या प्रणालीत १९९८ पासून चौकोनाची लांबी दृश्य भागाच्या प्रमाणात ठेवण्याची सोय झाली. ॲपलनेच २०११ मध्ये ही पट्टी एरवी लपविण्याची व सरकवितानाच दाखविण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे पडदा मोकळा दिसू लागला, परंतु खाली आणखी मजकूर आहे याची सूचना देणारी कायमची खूण गेली.

सरकती पट्टी अखंड मजकुरास अनुरूप आहे. मालिका सुट्या चित्रांची असेल, तर खुणाही सुट्या असणे अधिक स्वाभाविक ठरते. आयफोन या भ्रमणध्वनीतील हवामानविषयक कार्यक्रमात २००७ मध्ये प्रत्येक शहराच्या पानासाठी एक अशी ठिपक्यांची रांग होती. जानेवारी २००८ मध्ये त्याचा मुखपडदा अनेक पानांचा होऊ शकला, तेव्हा त्याखालीही अशीच रांग आली. त्याच वर्षी इतर कार्यक्रमलेखकांस हे साधन तयार स्वरूपात उपलब्ध करून देण्यात आले. बोटाने पान सरकवावयाचे व ठिपक्याने स्थान ओळखावयाचे, ही सवय यांतून जगभर रुजली.

संकेतपृष्ठांवरील विकास : टिम बर्नर्स-ली याने १९८९ मध्ये मांडलेल्या विश्वव्यापी जालात आरंभी प्राधान्य मजकुरास होते. मोझेइक या १९९३ मधील न्याहाळकात चित्रे मजकुराच्या ओघातच दिसू लागली. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा व १९९६ मध्ये सीएसएस ही मांडणीची भाषा उपलब्ध झाल्यावर पृष्ठ पुन्हा न मागविता चित्र बदलणे शक्य झाले. लोकेश धाकर यांच्या ‘लाइटबॉक्स’ या साधनाच्या २००६ मधील दुसऱ्या आवृत्तीत समूहातील चित्राखाली एकूण चित्रांपैकी कितवे, हे अंकांत लिहिले जाई. २०१० च्या सुमारास संस्था, विद्यापीठे, वृत्तपत्रे व शासकीय कार्यालये यांच्या मुखपृष्ठांवर आपोआप बदलणाऱ्या मोठ्या चित्रमालिकांची लाट आली. एकाच जागेवर अनेक विभागांची निकड भागविण्याचा तो सोपा मार्ग होता.

मार्क ओटो व जेकब थॉर्नटन यांनी ट्विटर कंपनीत तयार केलेला ‘बूटस्ट्रॅप’ हा मांडणीचा संच २०११ मध्ये खुला करण्यात आला. २०१२ च्या आरंभीच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात चित्रमालिका होती, परंतु पुढे-मागे नेणाऱ्या बाणांखेरीज स्थानाची खूण नव्हती. २०१३ च्या आरंभी त्यात ठिपक्यांची भर घालण्यात आली. हा संच असंख्य संकेतस्थळांनी स्वीकारल्यामुळे ठिपक्यांची रांगही सर्वत्र पसरली. इन्स्टाग्राम या छायाचित्रमाध्यमाने २०१७ मध्ये एका नोंदीत दहा चित्रांची मालिका देण्याची मुभा दिली व २०२४ मध्ये ही मर्यादा वीसवर नेली. तेथे ठिपके व अंक दोन्ही आढळतात.

रचना व कार्य : स्थाननिर्देशकाची रचना वरकरणी सोपी असते. मालिकेतील चित्रे मोजून तितके ठिपके निर्माण करावयाचे, प्रत्येक ठिपक्यास त्याच्या चित्राचा क्रमांक जोडावयाचा आणि चित्र बदलताच जुन्या ठिपक्याची वेगळेपणाची खूण काढून ती नव्यास द्यावयाची, एवढेच तिचे तत्त्व होय. चित्रे एका ओळीत मांडून ओळ सरकविली जात असेल, तर सरकलेल्या अंतरास एका चित्राच्या रुंदीने भागून येणारी जवळची पूर्ण संख्या घेतात. उदा., चित्राची रुंदी ३६० एकके असून ओळ ७२० एककांनी सरकली असल्यास भागाकार २ येतो. संगणकभाषांत गणना बहुधा शून्यापासून होत असल्यामुळे हे तिसरे चित्र ठरते. हा एकाचा फरक विसरल्यास भलताच ठिपका उजळतो.

शेवटच्या चित्रानंतर पहिले यावे असे चक्र हवे असेल, तर क्रमांकात एक मिळवून एकूण संख्येने भागतात व बाकी घेतात. बारा चित्रांपैकी शेवटच्याचा क्रमांक ११. त्यात एक मिळविल्यावर १२ व बाराने भागल्यावर बाकी शून्य, म्हणजे पुन्हा पहिले चित्र. हे चक्र अखंड भासावे म्हणून पहिल्या व शेवटच्या चित्रांच्या प्रती ओळीच्या दोन टोकांस जोडण्याची युक्ती करतात. अशा वेळी चित्रांची दिसणारी संख्या व खरी संख्या भिन्न असते आणि ठिपके खऱ्या संख्येवर बेतावे लागतात. वस्तूतील स्थान व आशयातील स्थान यांचा पोथीसंदर्भात उल्लेखिलेला भेद तो हाच. उर्दू वा अरबीसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांत ठिपक्यांचा क्रमही उलट करावा लागतो.

ठिपके भाषानिरपेक्ष असून थोड्या चित्रांसाठी पुरेसे असतात. पाच-सहा ठिपके दृष्टीस एकदम मोजता येतात, वीस ठिपके येत नाहीत. संख्या वाढल्यावर मधले काही ठिपके दाखवून कडेचे लहान करतात किंवा अंकांचा आश्रय घेतात. अंक अचूक असतो, परंतु तो वाचकाच्या लिपीत असावा लागतो. मराठी पृष्ठावर ‘३/१२’ देवनागरी अंकांतच शोभतो. लघुप्रतिमा चित्राचा आशयही सूचित करतात, मात्र त्यांस जागा अधिक लागते.

मर्यादा व टीका : ठिपके असले, तरी पुढील चित्रे पाहिली जातात असे नाही. अमेरिकेतील नोत्रदाम विद्यापीठाच्या मुखपृष्ठाबाबत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार मालिकेतील चित्रावर कळ दाबणाऱ्यांचे प्रमाण भेट देणाऱ्यांच्या सु. १ टक्का होते व त्यांपैकी चार-पंचमांशांहून अधिक जणांनी पहिलेच चित्र निवडले होते. त्याच वर्षी उपयोगक्षमतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी आपोआप बदलणाऱ्या मालिकांवर टीका केली. वाचून होण्यापूर्वीच मजकूर निघून जातो, सावकाश वाचणाऱ्यांचे व परभाषिकांचे त्यात विशेष नुकसान होते आणि हलणारा भाग जाहिरात समजून दुर्लक्षिला जातो, असा या टीकेचा आशय होता. एखादी महत्त्वाची सूचना मालिकेत चौथ्या स्थानी ठेवली, तर ती प्रसिद्ध झाली असे कार्यालयास वाटते, पण ती नागरिकापर्यंत पोहोचलेली नसते. ठिपका येथे केवळ शोभेचा राहत नाही. पडद्याआड आणखी काही आहे याची ती एकमेव साक्ष असते.

सुगम्यता : अंध व्यक्ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनाचा उपयोग करतात. नाव न दिलेले ठिपके अशा साधनास निरर्थक ठरतात. प्रत्येक ठिपक्यास ‘बारापैकी तिसरे चित्र’ यासारखे नाव व चालू असल्याची खूण दिली, तरच ते उपयोगी पडतात. जागतिक जाल संघाने यासाठी ठरविलेल्या ‘एरिया’ या गुणधर्मसंचाचे पहिले मानक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. चालू घटक दर्शविणारा गुणधर्म २०१७ मधील आवृत्तीत आला. याच संघाच्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांच्या दुसऱ्या आवृत्तीत (२००८) आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलणारा मजकूर थांबविण्याची सोय असावी व केवळ रंगावरून अर्थ सूचित करू नये, असे नियम आहेत. २०१८ च्या आवृत्तीत अशा खुणांचा पार्श्वभूमीशी तेजविरोध किमान ३:१ असावा, असे सांगण्यात आले. २०२३ च्या आवृत्तीत कळ दाबण्याच्या जागेचा आकार साधारणतः किमान २४ × २४ एकके ठरविण्यात आला. फिकट चित्रावरील पांढरे बारीक ठिपके या तिन्ही कसोट्यांस क्वचितच उतरतात. भारतात शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली व त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मुळे माहितीच्या सुगम्यतेस कायद्याचा आधार मिळाला आहे.

अलीकडील प्रगती : दीर्घकाळ प्रत्येक संकेतस्थळास ठिपक्यांची रचना स्वतंत्रपणे करावी लागे व त्यात चुका राहत. सीएसएस या भाषेत चित्रे ठराविक जागी थांबविण्याची सोय २०१८ पर्यंत बहुतेक न्याहाळकांत पोहोचली. स्थाननिर्देशक व पुढेमागे नेणाऱ्या कळा न्याहाळकानेच निर्माण कराव्यात, असा प्रस्तावही या भाषेच्या मानकात मांडण्यात आला आणि क्रोम या न्याहाळकाने २०२५ मध्ये १३५ व्या आवृत्तीपासून तो अमलात आणला. यामुळे ठिपके व चित्र यांचा संबंध जोडण्याचे काम कार्यक्रमलेखकाकडून न्याहाळकाकडे जाऊ लागले आहे. पोथीच्या समासात लेखनिकाने घातलेला पत्रांक, निरूपणकाराच्या हातातील काचेवरची चिठ्ठी व प्रक्षेपकाच्या तबकावरील अंक यांचे कार्य आता हा ठिपका करतो. भेद एवढाच, की येथे निरूपणकार नाही. मालिका चालविणारा आणि पाहणारा एकच आहे. त्यामुळे पूर्वी चालकास पुरेशी असलेली खूण आता प्रत्येक प्रेक्षकास दिसेल, ऐकू येईल व हाताळता येईल अशी असणे आवश्यक ठरते.